प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन मोकळे असतात, तर ते निघून का जात नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: "प्लाझ्मामध्ये इलेक्ट्रॉन अणूपासून सुटे झालेले असतात असं वाचलं. मग ते निघून का जात नाहीत? प्रत्येक जण आपापला भटकतो की सगळे मिळून काही करतात? आणि एकदा सुटलेला इलेक्ट्रॉन परत अणूत जातो का?" तुम्ही देवगडजवळ राहता, बारावीला आहात आणि जवळपास हे बघायला प्रयोगशाळा नाही, असंही खाली लिहिलंय.

मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. प्रयोगशाळेची मात्र काळजी सोडा. आपल्या डोक्यावर साठ-सत्तर किलोमीटरच्या वर रोज प्लाझ्मा तयार होतो, आणि त्याच्या खाणाखुणा कोकणात बसून सापडतात.

आधी थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रॉन त्याच्या अणूपासून सुटलेला असतो, पण भोवतालच्या बाकीच्या प्रभारांपासून सुटलेला नसतो. त्याचं सगळं वागणं दोन गोष्टींतून येतं. एक म्हणजे तो अतिशय हलका आहे. साधा प्रोटॉन घेतला तरी तो त्याच्या १८३६ पट जड. दुसरं म्हणजे विद्युतबल लांबवर पोचतं, त्यामुळे एकेका इलेक्ट्रॉनला एकाच वेळी हजारो शेजाऱ्यांची ओढ जाणवत असते.

निघून का जात नाहीत, हे आकडे घालूनच बघू. आपल्या डोक्यावरच्या या प्लाझ्माच्या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. दुपारी त्याच्या सर्वांत दाट थरात, साधारण ३०० किलोमीटर उंचीवर, एका घनमीटरमध्ये एक लाख कोटी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके इलेक्ट्रॉन असतात. ऐकायला खूप वाटतात, पण आपण श्वासात घेतो त्या हवेत घनमीटरला २५ शून्यांच्या घरात रेणू असतात, म्हणजे वरचा प्लाझ्मा तसा विरळच. आता समजा, त्यातल्या एका जाड थरातले सगळे इलेक्ट्रॉन एकदम एक मीटर बाजूला सरकवले आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले धन अणू, जागच्या जागी ठेवले. एका कडेला नुसते आयन उघडे पडतील, दुसऱ्या कडेला नुसते इलेक्ट्रॉन. कपॅसिटरच्या धड्यातलंच सूत्र वापरा: घनता गुणिले इलेक्ट्रॉनचा प्रभार गुणिले सरकलेलं अंतर, भागिले निर्वाताची परमिटिव्हिटी. उत्तर येतं मीटरला सुमारे १८ हजार व्होल्ट. आणि तिथल्या इलेक्ट्रॉनकडे स्वतःच्या उष्णतेची ऊर्जा किती असते? एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे एक व्होल्ट चढायला इलेक्ट्रॉनला लागते त्या ऊर्जेचा, जेमतेम दहावा भाग. एवढ्या भांडवलावर ती चढण चढणार कशी? इतक्या विरळ प्लाझ्मातही इलेक्ट्रॉनांचा जमाव आयनांना सोडून एक मीटरसुद्धा जाऊ शकत नाही. जातात ते काही मिलिमीटर.

पण गोष्ट इथे संपत नाही, माझ्या मते खरी गंमत इथेच सुरू होते. सरकलेले इलेक्ट्रॉन आयनांच्या ओढीने मागे येतात, येताना वेग घेतात आणि मूळ जागेवर न थांबता पलीकडे जातात. पुन्हा ओढले जातात, पुन्हा पुढे. हे सगळे मिळून एका तालात होतं. सेकंदाला किती वेळा, तर घनमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि नवाने गुणा. वरच्या उदाहरणात वर्गमूळ दहा लाख, म्हणजे सेकंदाला ९० लाख हेलकावे, अर्थात ९ मेगाहर्ट्झ. बघा, यात घनतेशिवाय दुसरं काही घालावं लागलं नाही. जड आयन एवढ्या घाईत हलूच शकत नाहीत, म्हणून हा ताल जवळपास पूर्णपणे इलेक्ट्रॉनांचा असतो. अमेरिकेत अर्विंग लँगम्युअर यांनी या वायूला 'प्लाझ्मा' हे नाव दिलं १९२८ साली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लुई टाँक्स यांच्याबरोबर या हेलकाव्यांचा हिशेब मांडला. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: इलेक्ट्रॉन आपापले भटकतातही आणि सगळे मिळून हेलकावतातही, दोन्ही एकाच वेळी.

एकेकट्याचं भटकणं किती अंतरापर्यंत चालतं हेही ठरलेलं असतं. एखादा धन आयन घ्या. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन थोडे जास्त ओढले जातात आणि भोवती ऋण प्रभाराचं एक पातळ आवरण तयार होतं. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावाला सुरमईची टोपली मांडली की भोवती माणसांचं कडं होतं आणि दहा पावलांवरच्या माणसाला टोपली दिसत नाही. कड्यातली माणसं सारखी येत-जात असतात, कडं मात्र तसंच राहतं. आयनाभोवतीचे इलेक्ट्रॉनही असेच सतत बदलत असतात, एकही तिथे मुक्कामाला थांबत नाही. या आवरणाच्या जाडीला डिबाय लांबी म्हणतात. पीटर डिबाय यांनी १९२३ मध्ये मिठाच्या द्रावणांसाठी एरिक ह्युकेल यांच्याबरोबर हा विचार केला होता, तो पुढे प्लाझ्माला लागू पडला. आपल्या दुपारच्या आयनांबरात ही लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तेवढ्या त्रिज्येच्या गोलात चाळीसेक हजार इलेक्ट्रॉन असतात. दोन मिलिमीटरच्या आत इलेक्ट्रॉनला शेजारचा एकटा प्रभार जाणवतो, त्यापलीकडे फक्त जमाव.

भिंत आली की काय होतं तेही सांगतो, कारण 'निघून जाणं' तिथे थोडंसं घडतं. घरातली जुनी ट्यूबलाइट घ्या. इलेक्ट्रॉन वेगवान, म्हणून काचेवर आधी तेच पोचतात. काच ऋण होते आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना परत ढकलू लागते. पहिले काही निसटले, त्यांनीच बाकीच्यांची वाट अडवली.

ट्यूबलाइटमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी विद्यार्थ्यांना पटवायला मला नेहमी वेळ लागतो. आतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा-बारा हजार अंशांच्या घरात असतं, आणि नळीला हात लावला तर ती नुसती कोमट लागते. यात फसवणूक काही नाही. हलका इलेक्ट्रॉन आर्गॉनच्या अणूवर आपटतो तेव्हा स्वतःच्या ऊर्जेचा सरासरी सदतीस हजारावा हिस्साच त्याला देऊ शकतो. दिशा बदलते, ऊर्जा जवळपास तशीच राहते. त्यामुळे एकाच नळीत दोन तापमानं सुखाने नांदतात, इलेक्ट्रॉनांचं वेगळं आणि अणूंचं वेगळं. अशा तापलेल्या इलेक्ट्रॉनने पाऱ्याच्या अणूला धडक दिली की त्यातून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्याचा उजेड करतो.

टकरींबद्दल एक विलक्षण गोष्ट. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. प्लाझ्मा तापला की रोध कमी होतो. आयनाजवळून जाणारा इलेक्ट्रॉन जितका वेगात, तितका कमी वेळ तो त्याच्या ओढीत सापडतो; वेग दुप्पट झाला की वाट बदलावी अशा टकरी आठ पटींनी घटतात. तापमान एक कोटी अंशांच्या पुढे गेलं की हायड्रोजनचा प्लाझ्मा जवळजवळ तांब्याइतका चांगला वाहक होतो. विद्युतक्षेत्र लावलेलं असेल तर याचा एक परिणाम धोक्याचा ठरतो. काही इलेक्ट्रॉन आधीच इतके वेगात असतात की टकरी त्यांना रोखू शकत नाहीत. ते अधिक वेग घेतात, म्हणून टकरी अजून कमी, म्हणून वेग अजून जास्त. तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कोंडून ठेवणाऱ्या टोकामॅक यंत्रात असे बेभान सुटलेले इलेक्ट्रॉन आतल्या भिंतीला भोकही पाडू शकतात.

आता विजयदुर्ग. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून हे मुद्दाम सविस्तर. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे तुम्ही पाहिले असतील. तिथे १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरनी हेलियम शोधला अशी कथा आपल्याकडे सांगतात, पण ती तशी नाही. त्या १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकयर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्याचा मान यामुळे कमी होत नाही. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या दिवशी तिथून दिसलेलं सूर्याचं प्रभामंडळ हेलियमपेक्षा जास्त मोलाचं आहे.

खग्रास होताच काळ्या चंद्राभोवती जो पांढरा उजेड पसरतो, त्याचा आतला भाग म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी विखुरलेला सूर्यप्रकाश. सूर्याची प्रकाशलहर इलेक्ट्रॉनला हलवते, हललेला इलेक्ट्रॉन तोच प्रकाश सगळीकडे फेकतो. प्रोटॉनही तिथे तितकेच असतात, पण जडपणामुळे ते इलेक्ट्रॉनच्या तुलनेत तेहतीस लाखांहून अधिक पटींनी कमी प्रकाश विखुरतात, म्हणजे धरायलाच नको. आपण जे बघतो ते निव्वळ इलेक्ट्रॉनांचं काम.

या उजेडाचा वर्णपट काढला तर त्यात एक गोष्ट हरवलेली दिसते. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात एरवी बारीक काळ्या रेषा असतात, त्या इथे पुसल्या गेलेल्या असतात. प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या पुढे. दहा लाख अंशांना इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ६,७०० किलोमीटर येतो, प्रकाशाच्या वेगाच्या दोन टक्क्यांहून जास्त. काही आपल्याकडे येतायत, काही दूर जातायत, त्यामुळे प्रत्येक रेषा डॉप्लर परिणामाने इकडेतिकडे सरकते आणि सगळ्यांची सरमिसळ होऊन रेषा उरतच नाही. नसलेल्या रेषांवरून इलेक्ट्रॉनचा वेग कळतो, हे मला भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतं. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी प्रभामंडळातली हिरवी रेषा १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे हे दाखवलं, आणि त्या भयंकर तापमानाला दुसऱ्या बाजूनेही दुजोरा मिळाला. आज ग्रहणाची वाट न बघता हेच काम करायला २०२३ मध्ये सोडलेल्या आदित्य-एल१ वर प्रभामंडळ पाहणारी दुर्बीण आहे.

चुंबकीय क्षेत्र आलं की इलेक्ट्रॉन सरळ चालायचं सोडतो. क्षेत्ररेषेला आडवा निघाला की तो तिच्याभोवती गोल फिरतो. रेषेच्या दिशेने मात्र मोकळा, म्हणून एकूण वाट स्प्रिंगसारखी. आयनांबरात पृथ्वीच्या क्षेत्रामुळे हे वर्तुळ दोन-तीन सेंटीमीटर त्रिज्येचं असतं आणि सेकंदाला सुमारे अकरा लाख फेऱ्या होतात. तिथल्या ऑक्सिजन आयनाचं वर्तुळ चार-पाच मीटरचं. इथवर पुस्तकात असतं. आता यात आडवं विद्युतक्षेत्र घाला. आपल्याला वाटतं, इलेक्ट्रॉन एकीकडे पळेल आणि आयन उलट दिशेला. तसं होत नाही. वर्तुळाच्या एका बाजूला इलेक्ट्रॉनचा वेग वाढतो आणि तिथे वळण मोठं होतं, दुसऱ्या बाजूला वेग घटतो आणि वळण लहान होतं. वर्तुळ जुळत नाही, दर फेरीला थोडं बाजूला घसरतं, आणि ही घसरण दोन्ही क्षेत्रांना काटकोनात असते. आयनाचा प्रभार उलटा आणि फिरणंही उलटं, त्यामुळे त्याची घसरण त्याच दिशेने, त्याच वेगाने होते. कागदावर एकदा काढून बघा, हात चालल्याशिवाय हे मनात बसत नाही.

टकरी नसतील तर दोघंही बरोबर सरकतात आणि विद्युतप्रवाह शून्य. पण शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर हवा एवढी असते की आयन आपली फेरी पुरी करायच्या आतच रेणूंवर आपटून अडकतो, इलेक्ट्रॉन मात्र फिरत राहतो. दक्षिण भारतात चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे आडवं असतं तिथे, दिवसा विद्युतक्षेत्र पूर्वेकडे असतं, इलेक्ट्रॉन वर सरकतात, आयन खाली राहतात. वर ऋण, खाली धन, म्हणून नवीन उभं विद्युतक्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्राने इलेक्ट्रॉन सेकंदाला काहीशे मीटरने पश्चिमेकडे घसरतात. म्हणजे पूर्वेकडे वाहणारा विद्युतप्रवाह, विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट. १९६३ साली केरळातल्या थुंब्याहून रॉकेटं सोडायला सुरुवात झाली ती जागा याच प्रवाहासाठी निवडलेली.

यात कोकणचा वाटा मोठा आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याची. ती आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. इलेक्ट्रोजेटचा पट्टा अरुंद असतो, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना तीनेक अंश. तिरुनेलवेलीच्या चुंबकाला तो जाणवतो, अलिबागच्या चुंबकाला नाही. बाकी दिवसभराचे फेरफार दोन्हीकडे असतात. म्हणून तिरुनेलवेलीच्या आकड्यांतून अलिबागचे वजा करतात आणि त्या दिवशी शंभर किलोमीटर वरचे इलेक्ट्रॉन किती जोरात घसरत होते ते काढतात. अख्ख्या जगात हा हिशेब असाच केला जातो.

जीपीएसचं एका ओळीत सांगतो, कारण बोटीवरच्या तांडेलांना ते रोज लागतं: वाटेत एका चौरस मीटरच्या स्तंभात १ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले की अंतराच्या मापात १६ सेंटीमीटरची भर पडते, आपल्या अक्षांशावर दुपारी असे कित्येक एकक जमतात, आणि हा उशीर वारंवारतेनुसार बदलतो म्हणून नाविक या भारताच्या दिशादर्शक प्रणालीचे उपग्रह दोन वारंवारता पाठवून तो वजा करू देतात.

आता तिसरा प्रश्न, परत अणूत जाण्याचा. जातात, पण सहजासहजी नाही. इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचा आयन थेट भेटले तर जास्तीची ऊर्जा प्रकाशकण म्हणून फेकावी लागते आणि ते क्वचितच जमतं. त्यामुळे ३०० किलोमीटरवर काम दोन टप्प्यांत होतं. आयन आधी नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूबरोबर अदलाबदल करतो, रेणू-आयन बनतो, मग इलेक्ट्रॉन त्यात शिरतो आणि रेणू दोन तुकडे होऊन ऊर्जा घेऊन पळतो. असे रेणू त्या उंचीवर थोडे, म्हणून तो थर रात्रभर टिकतो. या मिलनातून ६३० नॅनोमीटरचा फिका लाल उजेड निघतो, डोळ्यांना न दिसणारा. घाटावर कोल्हापूरला त्याची यंत्रांनी नोंद घेतात. खाली साठ ते नव्वद किलोमीटरच्या थरात मात्र हवा दाट, तिथे सूर्य मावळला की थोड्याच वेळात बहुतेक इलेक्ट्रॉन अडकून संपतात.

हे तुम्हाला घरी ऐकता येईल. मीडियम वेव्ह लागणारा जुना ट्रान्झिस्टर मिळवा आणि उजाडण्याच्या तासभर आधी लावा. आखातातली अरबी केंद्रं स्वच्छ लागतील. रेडिओची लहर इलेक्ट्रॉनांना हलवते; लहरीची वारंवारता त्यांच्या हेलकाव्यापेक्षा कमी असेल तर ते लहरीला साथ देऊन तिला परत फिरवतात, जास्त असेल तर त्यांना तो वेग झेपत नाही आणि लहर पार जाते. बोटींच्या व्हीएचएफ वायरलेसची सोळा नंबरची वाहिनी १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे, ती वर निघून जाते, म्हणून नजरेच्या टप्प्याच्या फार पुढे ऐकू येत नाही. उजाडलं की खालचा थर पुन्हा भरतो. तिथेही इलेक्ट्रॉन लहरीबरोबर हलतात, पण सेकंदाला लाखो वेळा रेणूंवर आपटतात आणि लहरीकडून घेतलेली ऊर्जा हवेला देऊन टाकतात. लहर वरच्या थरापर्यंत पोचतच नाही. अरबी केंद्र तुमच्या कानादेखत बारीक होत जाईल आणि आकाशवाणीचं जवळचं केंद्र तेवढं उरेल.

रात्री वरच्या थराची घनता दसपट कमी धरून नवाने गुणायचं तेच गणित करा. २८ लाख येतं, आणि मीडियम वेव्हचा पट्टा १६ लाखांच्या आसपास संपतो.